तिसऱ्या खेपेची खुर्ची

बेळगावच्या खासबागेतल्या आमच्या दवाखान्यात एक नियम होता. भिंतीवर कुठं लिहिलेला नव्हता, पण गल्लीतल्या सगळ्यांना पाठ होता. एकाच दुखण्यासाठी माणूस तिसऱ्यांदा आला आणि "अजून बरं न्हाय" म्हणाला, की त्याची खुर्ची बदलायची. आप्पांकडं दोनदा दाखवून झालं असेल तर तिसऱ्या खेपेला माझ्यासमोर, माझ्याकडं दोनदा झालं असेल तर आप्पांसमोर. आप्पा म्हणजे माझे सासरे, दवाखान्याचे मूळ मालक. मी त्यांची सून आणि पाटीवरची खालची ओळ.

खुर्ची बदलताना एक अट होती. पहिल्या डॉक्टरनं आपलं निदान दुसऱ्याला सांगायचं नाही. नुसतं "हे जरा बघा" म्हणायचं आणि गप्प बसायचं. हा नियम आप्पांनीच घातलेला, पण गप्प बसण्याचा सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच व्हायचा. आमच्या दोन खोल्यांमध्ये लाकडी पार्टिशन होतं. त्याच्या पलीकडून एकसारखं खाकरणं ऐकू यायला लागलं, की मी समजायची, सासऱ्यांना काहीतरी सांगायचंय.

पेशंटांना हा प्रकार मुळीच आवडायचा नाही. आप्पांच्या म्हाताऱ्या पेशंटांच्या लेखी मी जन्मभर शिकाऊच राहिले. डोक्यावरचे काळे केस शोधावे लागतील अशी वेळ आली तरी "नव्या बाई" हे नाव काही सुटलं नाही. एक आजी तर कंबरेवर हात ठेवून आप्पांना म्हणाल्या, "मला सुनंकडं ढकलताय व्हय? माझी सून घरात हाय की! तिच्यापासनं जरा सुटका म्हणून तर हितं येत्ये मी."

आप्पा म्हणाले, "आजी, तुमच्या सुनंला इंजेक्शन देता येत न्हाय. हिला येतंय. जपून बोला."

बाहेरच्या माणसाला वाटतं, डॉक्टर चुकतो म्हणजे त्याला रोग माहीत नसतो. तसं क्वचितच होतं. बहुतेक वेळा रोग पुस्तकात वाचलेला असतो, परीक्षेत लिहिलेला असतो, पण समोरच्या माणसात तो आपण शोधलेलाच नसतो. कारण पहिल्या भेटीत एक नाव मनात बसतं आणि पुढच्या भेटीत आपण पेशंटकडं न बघता त्या नावाकडंच बघतो. औषध लागू पडलं नाही, तर नाव बदलायचं सोडून गोळी बदलतो. त्यात आपल्याकडं पेशंट दुखणं सांगतच नाही, निदान सांगतो. "पित्त झालंय, गोळी द्या." हे निदान शेजारणीनं केलेलं असतं आणि आपली फक्त सही हवी असते.

ह्या नियमामागं निपाणीचे एक डॉक्टर होते, आप्पांचे वर्गमित्र. निपाणीत तंबाखूच्या वखारी. वखारीत काम करणारी माणसं खोकणारच, असं सगळ्या गावाचं पक्कं मत. खोकणाऱ्यांचंही तेच मत. वखारीत तंबाखू चाळणारी एक बाई त्यांच्याकडं खोकल्यासाठी येत राहिली आणि ते तंबाखूच्या धुळीवर औषध देत राहिले. फुप्फुसातली गाठ कळली तेव्हा फार उशीर झाला होता. घरच्यांनी ग्राहक न्यायालयात केस घातली. बऱ्याच वर्षांनी डॉक्टर त्यातून सुटले, पण आप्पांना एकदा म्हणाले, "त्यांच्या वकिलानं मला एकच विचारलं. बाई तिसऱ्यांदा आली तेव्हा तुम्ही वेगळं काय केलंत? निकालात मी सुटलो रे, पण त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं अजून न्हाय."

आप्पा त्यांना भेटून निपाणीहून परत आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता मला म्हणाले, "सुनंदा, आजपासनं तिसऱ्या खेपेला माणूस तुझा."

सुरुवातीला माझ्या मनात यायचं, की आप्पांना आपल्यावर नजर ठेवायची आहे. मग गल्लीतल्या एक शिक्षिकाबाई आल्या. त्यांचा गुडघा मी दोनदा तपासला, मलम दिलं, गोळ्या दिल्या, एक्स-रे काढला. गुडघा दुखायचा काही थांबेना. तिसऱ्या खेपेला आप्पांनी त्यांना टेबलावर झोपवलं, गुडघ्याला हातही लावला नाही, आणि खुब्यातून पाय फिरवला. बाई किंचाळल्या. दुखणं खुब्याचं होतं आणि बोंब गुडघा मारत होता. आप्पा मला काही बोलले नाहीत. संध्याकाळी जेवताना मात्र माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तुझ्या बायकोच्या तावडीतनं आज एका निरपराध गुडघ्याची सुटका केली." नवरा बँकेत. त्याला ह्यातलं काही कळलं नाही, पण वडिलांबरोबर हसायची संधी तो कधी सोडत नसे.

आता माझ्या कन्नडबद्दल सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. माझं माहेर कोगनोळी नाक्याच्या पलीकडचं, महाराष्ट्रातल्या कागलचं. लग्न होऊन बेळगावात आले तेव्हा मला कन्नडचं अक्षरही येत नव्हतं. आज येतं ते दवाखान्यापुरतं. तोंड उघडा, श्वास घ्या, कुठं दुखतंय, भिऊ नका. ह्यापलीकडं कन्नड पेशंट काही बोलला, की मी गंभीर चेहऱ्यानं मान हलवते आणि आतल्या खोलीकडं बघते. आप्पांचं मात्र तसं नव्हतं. मराठी त्यांची घरची आणि कन्नड गल्लीतली. समोरचा ज्या भाषेत तोंड उघडेल त्या भाषेत ते उत्तर द्यायचे. वाक्याच्या मधोमध समोरच्यानं भाषा बदलली तर ह्यांचीही बदलायची. कुठल्या भाषेत बोललात असं नंतर विचारलं, तर सांगता यायचं नाही. बेळगावात अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. मला तर ती जादूच वाटायची.

उचगावचे यल्लाप्पा अण्णा हे आप्पांचे जुने पेशंट. रताळ्याचं पीक काढणारे, उंच, ताठ, मराठा घरातले. पण आई कन्नड मुलखातली आणि लहानपण आजोळी गेलेलं, म्हणून कन्नडही पाण्यासारखं. घरात मात्र सगळा व्यवहार मराठीत. सीमाभागातलं घर, त्यामुळं भाषेचा मान जरा जास्तच. मुलगा मारुती घरातूनच रोज शहरात नोकरीला जाऊन येणारा. काही वर्षांपूर्वी अण्णांच्या हृदयाला त्रास झाला होता, तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू होती.

एकदा मारुती अण्णांना घेऊन आला. डोकं दुखतंय म्हणाले. आप्पांनी बीपी बघितलं, थोडं वाढलेलं होतं, गोळी बदलली. पार्टिशनपलीकडून मला दोघांच्या गप्पा ऐकू येत होत्या, अगदी रंगात आलेल्या, आणि सगळ्या कन्नडात. काही दिवसांनी पुन्हा आले. डोकं तसंच, शिवाय चालताना तोल जातोय, घास हातातून पडतोय. पुन्हा बीपी, पुन्हा गप्पा. आप्पा मारुतीला म्हणाले, "वय झालंय, त्यात मनाला लावून घेतलंय. घरात काही झालंय काय रं?"

घरात झालं होतं. रस्त्याकडेचं शेत प्लॉट पाडून विकावं असं मारुतीचं म्हणणं, आणि अण्णांचं नाही. मोठं भांडण झालं. त्यानंतर हळूहळू अण्णांनी घरात मराठी बोलणं सोडलं. आधी एखाददुसरा शब्द, मग अख्खी वाक्यं कन्नडात. अण्णांना राग आला की ते आईच्या भाषेत ओरडायचे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळं हा रुसवाच, असं सगळ्यांनी धरलं. शेजारीपाजारी मजा घ्यायला लागले, "मारुती, तुमचा अण्णा तिकडल्या बाजूला फुटला बग!" मारुती चिडला. अण्णांना म्हणाला, "तू मराठीत बोलत न्हाईस तवर मी तुझ्यासंगं बोलत न्हाय." आणि खरंच बोलायचा थांबला. दवाखान्यात आणायचा, कर्तव्य म्हणून. शेजारी बसायचा आणि भिंतीकडं बघायचा.

तिसऱ्या खेपेला अण्णा माझ्या खुर्चीसमोर आले.

मी विचारलं, "अण्णा, काय होतंय?"

"तली नोयाकत्तैती," अण्णा म्हणाले. डोकं दुखतंय, एवढं मला कळलं. पण पुढं ते भरभर काहीतरी सांगायला लागले आणि माझी नेहमीची फजिती झाली. आप्पांना हाक मारायची सोय नव्हती. नियम. पलीकडून खाकरणं चालूच होतं.

मी हात जोडले. "अण्णा, माझं कन्नड म्हणजे आनंदच आहे. जरा मराठीत सांगा की."

अण्णा थांबले. माझ्याकडं बघत राहिले. मग पुन्हा कन्नडात बोलले, पण सावकाश.

मारुती भिंतीकडं बघत म्हणाला, "बगितलंसा बाई? ही असली तऱ्हा. सरळ बोलायचंच न्हाय."

रुसलेल्या माणसांचा मला चांगला अनुभव आहे. दोन मुलं आणि एक नवरा आहे मला. रुसलेला माणूस नजर चुकवतो, किंवा मुद्दाम डोळ्याला डोळा भिडवतो. अण्णा ह्यातलं काहीच करत नव्हते, आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. मी माझं मनगट पुढं केलं आणि घड्याळावर बोट ठेवलं. "हे काय, अण्णा?"

"गडियारा."

"बरोबर. आणि मराठीत?"

अण्णांनी तोंड उघडलं. ओठ हलले. "त्ये... त्ये... आपलं..." एवढं मराठी आलं आणि पुढं काहीच नाही. ते माझ्या घड्याळाकडं असे बघत होते, जसं काही हातातलं भांडं विहिरीत पडावं आणि ते खाली कुठं दिसतंय का म्हणून वाकून बघावं. मी कंगवा दाखवला. कन्नडातला शब्दही ह्या वेळी यायला वेळ लागला, आणि आला तो बरोबर होता की चूक हे मला कळायला मार्ग नव्हता.

मी म्हटलं, "अण्णा, डोळे मिटा आणि दोन्ही हात असे पुढं धरा." करून दाखवलं. अण्णांनी धरले. डावा हात होता तिथंच राहिला. उजवा हळूहळू खाली यायला लागला. अण्णांना त्याचा पत्ताही नव्हता.

मी नियम मोडून मोठ्यानं हाक मारली, "आप्पा!"

आप्पा आले. त्यांनी अण्णांना कन्नडात काहीतरी विचारलं, ऐकून घेतलं, आणखी एक विचारलं. मग मराठीत विचारलं, "यल्लाप्पा, मुलाचं नाव काय?" अण्णांनी मारुतीकडं बोट केलं. डोळ्यांत पाणी आलं, पण नाव आलं नाही. आप्पा खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. मला म्हणाले, "ह्याचं कन्नडही पुरतं न्हाय गं. शब्द चुकतोय. दोन्ही वेळा चुकत असणार, आणि मी आपला पुढचा शब्द देत गेलो."

मी मारुतीला विचारलं, "डोक्याला कुठं मार लागला होता काय?"

"न्हाय बा," तो म्हणाला, आणि मग थांबला. "गोठ्याच्या चौकटीला आपटलं हुतं. पर त्ये भांडणाच्या आदी. बायकोनं हळद लावली, संपलं."

संपलं नव्हतं. म्हातारपणी मेंदू जरा आकसतो आणि कवटीच्या आत मोकळी जागा होते. त्यात रक्त पातळ करायची गोळी. साध्या मारानं एखादी बारीक शीर फाटते आणि थेंबथेंब रक्त साचत राहतं. कित्येक आठवडे काही वाटत नाही. मग ते साचलेलं रक्त मेंदूला दाबायला लागतं. डाव्या बाजूला दाब आला की उजवा हात दुबळा होतो आणि बोलणं अडतं. दोन भाषा येणाऱ्याची आधी कुठली अडेल याचा नेम नाही. अण्णांची मराठी आधी गेली.

त्याच दुपारी स्कॅन झाला आणि संध्याकाळच्या आत ऑपरेशन. कवटीला छिद्र पाडून सर्जननं ते रक्त काढलं. वापरलेल्या इंजिन ऑइलसारखं काळं होतं म्हणाले. आणखी एक खेप गोळी बदलण्यात गेली असती, तर अण्णा झोपेतून उठले नसते.

दोन दिवसांनी आप्पा म्हणाले, "चल, यल्लाप्पाला भेटून येऊ."

अण्णांचा पुतण्या वकील आहे आणि तो हॉस्पिटलात येऊन बसलाय, हे मला कळलं होतं. शिवाय नुकतीच मी एका व्याख्यानाला जाऊन आले होते. चूक झाल्याचं तोंडानं कधी कबूल करू नका, असं तिथं आम्हाला बजावून सांगितलं होतं. मी रिक्षात म्हटलं, "आप्पा, तब्येत विचारायची आणि निघायचं. बाकी काही बोलायचं नाही."

"तब्येत मला सर्जननं फोनवर सांगितली की. मग जायचं कशाला?" आप्पा म्हणाले.

अण्णा पलंगावर उशांना टेकून बसले होते, डोक्याला पट्टी. शेजारी मारुती. खिडकीशी पुतण्या, विलास. त्यानं नमस्कारबिमस्कार केला नाही.

"डॉक्टर, तुमी काकाला दोन येळा बगितलंसा. दोन्ही येळा बीपीची गोळी बदलून घरला लावून दिलंसा. ह्याला काय म्हणायचं?"

"चूक म्हणायचं," आप्पा म्हणाले.

मी त्यांच्या सदऱ्याची बाही ओढली. त्यांनी ती सोडवून घेतली.

"यल्लाप्पा कन्नडात बोलला, मी कन्नडात बोललो. त्याची भाषा बदललीय हे माझ्या ध्यानातच आलं न्हाय. घास पडतोय म्हटल्यावर मी हाताची ताकद बघायला हवी होती. बघितली न्हाय. वय झालंय म्हणालो. सुनंदानं बघितलं म्हणून कळलं. हे तुम्हाला माझ्या तोंडून कळावं म्हणून आलोय."

विलासनं खिशातून फोन काढला. "परत एकदा म्हणता काय? रेकॉर्डिंगला लावतो."

"लाव," आप्पा म्हणाले. "जरा जवळ धर. माझा आवाज बसलाय."

इतक्या वर्षांचा दवाखाना, पाटीवरची वरची ओळ, आणि आप्पा त्या फोनसमोर पुढं वाकून उभे.

"ठेव रं त्यो फोन," मारुती म्हणाला.

"दादा, तुला कळंना झालंय. ह्येनी सोताच्या तोंडानं..."

"ठेव म्हणतो न्हवं!" मारुतीचा आवाज चिरकला. "डॉक्टरांनी दोन येळा धा-धा मिंटं बगितलं. मी रोज एका पंगतीला बसत हुतो. घास पडत हुता त्येचा, आन् मी तोंड फिरवून जेवत हुतो. केस घालायची तर पयलं नाव माझं घाल."

विलासनं फोन खिशात टाकला, पण खिडकीपासून हलला नाही. तेवढ्यात पलंगावरून आवाज आला, खोल गेलेला, पण मराठी.

"मी बोलत हुतो की."

सगळे वळले. अण्णा मारुतीकडं बघत होते.

"रोज बोलत हुतो. नेमीसारकंच. तुमीच कोण उत्तर देत न्हवतासा." ते थांबले, श्वास घेतला. "मला वाटलं, शेतापायी समद्यांनी मला वाळीत टाकलं."

मी आजवर पुष्कळ निदानं ऐकली आहेत, वाईट बातम्या सांगितल्याही आहेत. पण एखादं वाक्य खोलीत असं पडलेलं मी पुन्हा बघितलं नाही. आपण मराठी सोडून दुसरंच बोलतोय हे अण्णांना एकदाही कळलं नव्हतं. इतके आठवडे ते आपल्या माणसांना हाका मारत होते, आणि माणसं भिंतीकडं बघत होती.

आप्पा पुढं झाले, पलंगाच्या कडेला बसले आणि आपली दोन बोटं अण्णांच्या उजव्या हातात दिली. "आवळ बघू."

अण्णांनी आवळली.

"एवढंच? ह्याच हातानं रताळी उपटतोस न्हवं?"

अण्णांनी दात चावून आवळली. आप्पा कळवळले आणि बोटं झटकत म्हणाले, "सोड, सोड! ह्याच बोटांनी मला नाडी बघायची असती." विलाससुद्धा हसला. नको असताना हसला, पण हसला.

मारुती हसला नाही. तो पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेला, वडिलांच्या अगदी तोंडाजवळ वाकला. त्याला कन्नड जेमतेम माझ्याइतकंच यायचं, हे मला त्याच्या उच्चारावरून कळलं. शब्द जुळवत जुळवत, लाजत तो म्हणाला,

"अण्णा, नीर बेकेन?"

अण्णांनी त्याच्याकडं बघितलं. मग त्याच्या खांद्यावरून त्याच उजव्या हातानं स्टुलावरचा तांब्या दाखवला.

"पाणी व्हय?" ते म्हणाले. "दे की."